दोन खाचांचा गज

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मेस्त्री, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." बंदुका दुरुस्त करणारा माणूस म्हटला की त्याच्याकडे वाघाच्या नाहीतर निदान डाकूंच्या तरी गोष्टी असणार, असं लोकांना वाटतं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. मालवणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, सुक्या मासळीचं गोदाम आणि एक शिंपी यांच्यामधल्या गाळ्यात मी चाळीस वर्षं कानस घासत बसलो. गाळा बंद करून आता चार वर्षं झाली. गमती होत्या, त्यातल्या एकदोन सांगतो. पण मी लिहायला बसलो तो त्यासाठी नव्हे. ते पुढे येईलच.

माझा परवाना दुरुस्तीचा होता आणि येणाऱ्या बंदुका बहुतेक सगळ्या ठासणीच्या. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीचं मागचं तोंड कायमचं बंद. पुढच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि हे सगळं लांब गजाने दाबून तळाशी बसवायचं. मागे एका बारीक भोकावर केप, म्हणजे तांब्याची इवलीशी स्फोटक टोपी, चढवायची. घोडा केपवर पडला की ठिणगी आत जाते. आमच्या जिल्ह्यात भाताच्या आणि काजूच्या राखणीसाठी म्हणून या बंदुकांचे परवाने बापाकडून मुलाकडे येत गेले. शिकार हा शब्द माझ्या गाळ्यात कोणी उच्चारत नसे. कायदा सगळ्यांना पाठ होता. सगळे राखणच करत, आणि अधूनमधून एखाद्याच्या राखणीचा वास चुलीवरून अख्ख्या वाडीला येई. मी काही विचारत नसे.

मला विचारायचं असे ते एवढंच, की किती भरता.

यातच सगळं येतं. नळी लोखंडाची असली तरी तिला सोसण्याची हद्द असते, आणि ती प्रत्येक नळीची वेगळी. आमच्याकडे जुनी पद्धत तळहाताची. गोळी तळहातावर ठेवायची आणि ती झाकेपर्यंत दारू ओतायची, झाली भरणी. पद्धत वाईट नव्हे, पण तळहात सगळ्यांचे सारखे नसतात. नांगर धरलेल्या माणसाचा हात खोलगट, शाळामास्तराचा सपाट. त्यातून दारू थोडी जास्त घातली की आवाज मोठा होतो, आणि आवाज मोठा झाला की माणसाला वाटतं बंदूक चांगली. बापाच्या वेळची नळी, आतून गंजाने खाल्लेली, आणि पोरगा तिच्यात बापापेक्षा मूठभर जास्त कोंबतोय, असं मी कितीदा पाहिलं असेल.

म्हणून मी प्रत्येक बंदुकीला पितळी माप करून देत असे. नळी आतून बघायची, जाडी बघायची, तिला झेपेल त्याहून कमीच दारू मावेल एवढी पितळेची नळकांडी कापायची, आणि दोऱ्याने दस्त्याला बांधून द्यायची. सपाट भरायचं, शीग लावायची नाही. गोळीसुद्धा नळीच्या मापाची हवी. कापडात गुंडाळून अंगठ्याच्या दाबाने आत शिरली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागली तर ती चुकीची, आणि आपोआप घरंगळत गेली तर तीही चुकीची. अर्ध्यावर अडकलेली गोळी सगळ्यांत वाईट. तिच्या आणि दारूच्या मध्ये पोकळी राहिली की नळी फुगते.

आता गंमत. कट्टा गावाच्या बाजूचे एक म्हातारे होते, सगळे त्यांना बुवा म्हणत. ते एकदा कागदाच्या पुडीत शिशाचे दहा-बारा तुकडे घेऊन आले. पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याला खाली लावतात ती शिसं. मासेमारांना काजू देऊन सुकटीऐवजी आणलेली. लांबुळकी, मधोमध भोक.

"मेस्तरीनू, ह्यां चलात मां?"

"बुवा, ही जाळ्याची."

"शिसां ता शिसां. डुकराक काय कळता?"

मी म्हटलं, डुकराला कळत नाही पण नळीला कळतं. ती वितळवून साच्यात ओतून दिली. बुवा समोर बसून बघत राहिले आणि शेवटी नाराजीने म्हणाले, "इतक्या बारक्या केलास? माझो बापूस ह्याच्या दुप्पट घालायचो." बापूस किती वर्षं जगला असं विचारल्यावर ते गोळ्या पुडीत बांधू लागले. पुढच्या खेपेला मला कोकमं आणून दिली, पण गोळ्यांबद्दलचं मत काही बदललं नाही.

दुसरा एक चिऱ्याच्या खाणीवरचा मुकादम. तो सुरुंगाची दारू घेऊन आला होता, पुष्कळ शिल्लक आहे म्हणून. त्याला मी हाकलून दिलं. हाकलताना जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण तो जाताना हसत गेला, आणि हसत गेलेल्या गिऱ्हाइकाची मला नेहमी भीती वाटत असे.

मापाने दारूचा प्रश्न सुटला. राहिला दुसरा. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. भरून ठेवलेली ठासणीची बंदूक उडवल्याशिवाय रिकामी करणं कटकटीचं, त्यामुळे लोक ती तशीच भिंतीवर टांगून ठेवतात आणि विसरतात. मग विसरून पुन्हा भरतात. त्यावर मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला किती अभिमान होता ते आज सांगायलाही जड जातं. मी प्रत्येक गजावर दोन खाचा पाडून देऊ लागलो. रिकाम्या नळीत गज सोडला की वरची खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. भरलेल्या नळीत गज साधारण चार बोटं वर राहतो, तेव्हा खालची खाच तोंडाशी येते. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही अंगठ्याने चाचपून कळावं म्हणून वरची खाच एकेरी, खालची दुहेरी. भरण्याआधी गज सोडायचा, खाच चाचपायची, मगच दारू. प्रत्येकाला मी हे दुकानात तीनदा करून दाखवायला लावत असे.

"डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही," मी सांगायचो. "बायकोवर नाही, भावावर नाही. गजावर ठेवायचा."

लोक ते ऐकत. आजूबाजूच्या गावांत माझे दोन खाचांचे गज गेले आणि दुबार भरणीचे प्रकार थांबले. पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराने मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. घरी येऊन मी ती बायकोला सांगितली, आणि पुढे आठवडाभर सांगत राहिलो.

माझं सगळ्यांत जास्त ऐकणारा माणूस म्हणजे बाबली गावडे. मालवणपासून आत, एसटी जिथे परत वळते त्याच्याही पुढे त्याची वाडी. थोडं भात, थोडे काजू. बोलायला कमी. माप दस्त्याला बांधून देत होतो तसंच त्याने कायम ठेवलं, दोरा कुजला की स्वतः नवा बांधायचा. पावसाळ्याआधी बंदूक तेलपाण्याला आणायचा ती फडक्यात गुंडाळून, तोंड खाली करून. घोड्यावर चामड्याचा तुकडा. असं गिऱ्हाईक आलं की मला आपला धंदा बरा वाटायचा.

एका वर्षी निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. परत मिळाल्या त्या दमट खोलीत राहून गंजलेल्या. बाबली आणि त्याच्या शेजारच्या वाडीतला दाजी घाडी एकाच गाडीने आले आणि दोघांनी बंदुका माझ्याकडे टाकल्या. दोन्ही एकाच कारागिराच्या हातच्या, जुळ्या म्हणाव्यात अशा. फरक एकच. दाजीच्या नळीचं तोंड फार पूर्वी चिरलं होतं, तेवढा भाग मीच कापून टाकला होता. त्यामुळे त्याची नळी बाबलीच्या नळीपेक्षा चार बोटं आखूड होती, आणि तिचा गजही.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गजाला नावाची चिठ्ठी बांधायची माझी पद्धत होती. त्या दिवशी बांधली नाही. दोनच तर बंदुका, असं वाटलं. गंज सुटायला दोन्ही गज रॉकेलच्या पन्हाळीत एकत्र टाकले. दुसऱ्या दिवशी पुसले, तेल लावलं, आणि ज्याचा त्याला दिला असं समजून नळीखाली सरकवले. देताना गज नळीत सोडून खाच बघायची, हे मी जगाला शिकवलं होतं. मी स्वतः बघितलं नाही. दुकानात माणसं होती, शिंप्याशी काहीतरी बोलणं चाललं होतं. काय बोलणं, ते आठवत नाही. ते आठवावं म्हणून मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

वीसएक दिवसांनी सकाळी दाजी घाडी दुकानात आला. तो हसत होता.

"मेस्तरीनू, माझी बंदूक खुळावली. उडवलंय तरी भरलेलीच दाखयता."

मी हातातली कानस ठेवली. त्याने गज काढून पुढे केला. लांब गज. त्याच्या आखूड नळीत तो चार बोटं वर राहणार, दुहेरी खाच तोंडाशी येणार, रिकामी नळी भरलेली दिसणार. त्यात कोणाचं काही बिघडत नाही. पण हा गज बाबलीचा होता, म्हणजे दाजीचा आखूड गज बाबलीकडे होता. बाबलीच्या लांब नळीत तो आखूड गज उलटं सांगणार. भरणी चार बोटं आणि गजही चार बोटं आखूड, म्हणजे एकेरी खाच तोंडाशी येणार, भरलेली नळी रिकामी म्हणून सांगणार.

दाजीला तसाच दुकानात सोडला. मोटारसायकल काढली. पेट्रोल भरायला थांबलो तिथेच कळलं, की आदल्या दिवशी तिन्हीसांजेला बाबली गावडेची बंदूक फुटली आणि त्याला आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि तिथून पुढे गोव्याला नेलंय.

झालं ते असं. माझ्याकडून बंदूक नेली त्याच संध्याकाळी डुकरं भातात उतरली होती. मेस्त्रीच्या दुकानातून आलेली बंदूक रिकामीच असणार म्हणून बाबलीने खूण न बघता घाईने भरली. तोवर डुकरं गेली. बंदूक भरलेली तशीच खुंटीवर राहिली. दोन दिवसांनी त्याला लेप्टोचा ताप आला. आठवडाभर दवाखान्यात होता, तापात बडबडत होता. घरी आल्यावरही बरेच दिवस अंगात त्राण नव्हतं, आणि तापाआधीचं काही धड आठवत नव्हतं. मग पुन्हा डुकरं आली. त्याने बंदूक काढली, आणि त्याची बायको सुमती पडवीतून म्हणाली, "भरलेली आसा ती. तुमी तापाच्या आदी भरून ठेयलास."

बाबलीने गज सोडला, अंगठ्याने चाचपलं. एकेरी खाच.

"रिकामी आसा गो. गज सांगता."

आणि त्याने माप सपाट भरून दारू ओतली, बोळा, गोळी, बोळा. खालची दारू पेटली तेव्हा तिच्यावर एक गोळी होती, त्या गोळीवर पुन्हा दारू, आणि पुन्हा गोळी. पुढे वाट मिळाली नाही तशी ती बाजूने बाहेर पडली. डाव्या हाताची तीन बोटं गेली. उजव्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड कळतो.

चौकशी झाली. जाणकार म्हणून मला बोलावलं. टेबलावर फाटलेली नळी ठेवली होती, बाजूला आखूड गज, वाकलेला. मी नळी बघितली आणि म्हणालो, दुबार भरणी झाली आहे. ते खरंच होतं. कोणी विचारलं नाही की गज कुणाचा. मी सांगितलं नाही. पुढे ओरोसला परवान्याची सुनावणी झाली, तिथेही मी होतो. बाबली हाताला पट्टी बांधून समोर बाकावर बसला होता. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या अनुभवाप्रमाणे हा भरणाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणायचा का?"

मी म्हणालो, "दुबार भरणी झाली की नळी फुटतेच, साहेब."

हे उत्तर मी रस्त्यात तयार करून नेलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. कागदावर निष्काळजीपणा असं उमटलं आणि बाबलीचा परवाना रद्द झाला. माझा राहिला. माझा गेला असता तर पोट कशावर भरायचं हा विचार मी केला होता, तो मी नाकारत नाही. बाबली बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ आला, मला वाटलं आता बोलेल. त्याने विचारलं, "मालवणाक परत जातास मां? एसटी पाचाक आसा." आणि गेला.

दाजीला मी नवा आखूड गज करून दिला. लांब गज गाळ्याच्या माळ्यावर टाकला. त्यानंतर प्रत्येक गजावर आणि नळीवर एकच आकडा ठोकू लागलो, आणि लोक म्हणू लागले, मेस्त्री आता अधिकच काळजी घेतात.

यातलं मी कोणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा हे एक सांगायचं राहिलं होतं. गाळा रिकामा करताना गज पुन्हा हातात आला, आणि तो घरात कुठे ठेवावा ते मला कळेना. चार वर्षं दाराआड उभा होता. यंदा गणपती झाले, आणि मी तो घेऊन बाबलीच्या वाडीत गेलो. एसटीत कंडक्टरने विचारलं, काठी आहे का. मी हो म्हटलं.

बाबली पडवीत सुपारी सोलत होता, उजव्या हाताने आणि डाव्याच्या दोन बोटांनी. समोरच्या भाताच्या कडेला रंगीबेरंगी साड्या बांधलेल्या, डुकरांनी घाबरावं म्हणून. डुकरं घाबरत नव्हती, अर्धा कोपरा लोळवलेला दिसत होता. सुमतीने पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, तुम्हीही बसा. आणि सगळं सांगितलं. पन्हाळी, चिठ्ठी, शिंप्याशी बोलणं, दाजीचं हसणं, ओरोस. सांगताना मी गजाकडे बघत होतो.

बाबलीने सुपारी खाली ठेवली.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "दाजी सांगी होतो, गजांची अदलाबदल झालेली म्हणान. त्याच वर्साक."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाक बोलतलंय? बोटां थोडीच येतली परत?" जरा थांबून म्हणाला, "आणि गज आखूड लागलोच होतो माका. हाताक टोक गावां नाय. पण म्हटलंय, मेस्तरीनी दिलो म्हणजे बरोबरच आसतलो. म्हणान इचारलंय नाय."

मी गज मांडीवर आडवा घेतला. तोच पुढे म्हणाला, "बोटांचा माका काय नाय वाटणा. सायबान इचारल्यान तेवा तुमी गप रवलास, ता लागला. मी निष्काळजी नाय होतंय, मेस्तरीनू. तुमका ठावक होता."

सुमती इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"म्हणजे तुमी खराच खूण बगलास होती," ती म्हणाली. "माका वाटला, माका गप करूक तसा म्हटलास."

"बगलंय होती."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तू मालवणात जावन ह्यांच्या दुकानासमोर उभी रवली असतस. गावातल्या बाकीच्या बंदुका मगे खंय न्हेवच्या?"

ती खाली बसली. चहा आत उतू गेल्याचा वास आला तरी उठली नाही. मग तिने मला सांगितलं, आणि मला उद्देशून ती बोलली ते एवढंच. लग्नात, बारशाला, बाजारात, जिथे कोणी त्याच्या हाताबद्दल विचारलं तिथे उत्तर तीच द्यायची. मी सांगत होते भरलेली आहे, ह्यांनी ऐकलं नाही. मुलाला तिने हेच सांगितलं. मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे, त्याने आपल्या बायकोला हेच सांगितलं. बाबली दर वेळी तिथेच बसलेला असायचा.

"आता माझा कोण आयकतलो?" ती म्हणाली. "सगळ्यांका मीच सांगलंय. तुमी लिवन देवा खंयतरी. छापान येवक होया."

गज बाबलीने ठेवून घेतला. काजू पाडायला लांबीला बरा आहे, म्हणाला.

संपादकांनी गमती मागितल्या होत्या, त्यांची माफी मागतो. मी जे ओरोसला बोलायला हवं होतं ते इथे लिहून देतो. बाबली गावडे निष्काळजी नव्हता. त्या संध्याकाळी भरण्याआधी त्याने नळीत गज सोडला आणि अंगठ्याने खूण चाचपली, मी शिकवलं होतं अगदी तसंच. बायको खरं सांगत होती आणि गज खोटं सांगत होता. त्याने गजावर विश्वास ठेवला, कारण ती खाच माझ्या हातची होती.